शाप नसलेली गोष्ट : मोडून पुन्हा जुळणाऱ्या जोडप्यांच्या कादंबऱ्या

(जालना इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय कळल्यावर मला दोन फोन आले. एका मित्राचा आला. तो म्हणाला, "काय सर, हा काय विषय आहे का? घटस्फोटवाल्यांच्या प्रेमकथा?" दुसरा एका ताईंचा होता. त्या म्हणाल्या, "पुढच्या रांगेत जागा मिळंल का?" (हशा) मला वाटतं, या दोन फोनांतच विषयाचं महत्त्व आलं. टीकाकार ज्याला हसतात आणि वाचक ज्याच्यासाठी लवकर येऊन बसतात, त्यात काहीतरी असतं. ते काय आहे, एवढंच आज बघायचं आहे.

आधी कुठल्या गोष्टींबद्दल बोलतोय ते सांगतो. दोघांचं लग्न झालेलं असतं, किंवा होता होता राहिलेलं असतं. ते तुटतं. मध्ये पाच, दहा, वीस वर्षं जातात. दोघंही पस्तिशी-चाळिशीच्या पुढे जातात. केस पांढरे व्हायला लागलेले, कुणाची मुलं दहावीला, कुणाच्या गुडघ्यात कळ. आणि मग ते पुन्हा समोरासमोर येतात. मोबाइलवर, प्रातिलिपीसारख्या ठिकाणी, अशा कथा भागाभागानं निघतात आणि पुढच्या भागासाठी वाचक अक्षरशः तगादा लावतात. इंग्रजी वाचणारे याला 'सेकंड चान्स रोमान्स' म्हणतात. विधवेचं किंवा घटस्फोटितेचं दुसऱ्याच माणसाशी लग्न, जसं २०१९ साली 'अग्गंबाई सासूबाई' मालिकेत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं, तो शेजारचा विषय आहे. तो मी आज बाजूला ठेवतो. आज तीच दोन माणसं, पुन्हा.

आता गंमत बघा. या प्रकाराला मराठीत नाव नाही. म्हणजे प्रकार नाही असं नव्हे. शब्द भरपूर आहेत, पण ते सगळे दुसऱ्याच खात्यातले आहेत. समेट. तडजोड. फारकत. सोडचिठ्ठी. पाट लावणे. मोहतूर. हे शब्द बैठकीतले आहेत, सतरंजीवरचे आहेत. त्यांत पाच माणसं बसलेली दिसतात, मध्ये पानाचा डबा दिसतो, आणि जिच्याबद्दल चाललंय ती आत स्वयंपाकघरात.

आणि सगळ्यांत मोठा शब्द म्हणजे 'नांदणं'. आपल्याकडे माहेरी आलेल्या बाईला पहिला प्रश्न कोणता? "कामून आलीस?" आणि दुसरा, "नांदायला कधी जायलीस?" या क्रियापदाचं व्याकरण जरा बघा. नांदते ती बाई. नवरा नांदवतो. प्रयोजक क्रियापद! तिच्या नांदण्याचा कर्ता दुसराच कुणीतरी आहे. 'तो नीट नांदवत नाही' म्हणतात, 'घेऊन जा आणि नांदव' म्हणतात. पुरुष नांदायला गेला असं कधी ऐकलंय? तो गेला तर घरजावई होतो, आणि त्याला हसतात. दोघांनी मिळून नांदायचं फक्त आशीर्वादात असतं, लग्नाच्या मांडवात.

म्हणजे आपल्या भाषेत परत जाणं आहे, शेकडो वर्षांपासून आहे. पण ते परत जाणं त्या दोघांचं नाही. ते ठरवतात मामा, काका, सरपंच, मध्यस्थ. आणि प्रेमकथा म्हणून जे आहे ते सगळं लग्नाआधीचं. कादंबरी संपते तिथं अंतरपाट दूर होतो. (अंतरपाटावरून आठवलं, 'सावधान' ऐकून मांडवातून पळालेले समर्थ आपल्याच जिल्ह्यातले, जांबचे. पण त्यांनी दुसरी संधी मागितली नाही, तेव्हा त्यांना आज सोडून देऊ.) (हशा)

तर माझं म्हणणं असं आहे. या कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईला काय दिसतं? तिला पहिल्यांदा असं दिसतं की परत यायचं की नाही हे दोन माणसं एकमेकांशी बोलून ठरवतायत. मध्ये सतरंजी नाही. पानाचा डबा नाही. ते एका टेबलाशी चहा घेत बसलेत आणि तो म्हणतोय, "त्या रात्री मी तुझी बाजू घ्यायला पाहिजे होती." एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी वाचक साठ-साठ भाग वाचतो. प्रेम परत येतं की नाही, लग्न पुन्हा लागतं की नाही, हे नंतरचं. आधी ते वाक्य पाहिजे.

कायद्याला हे वाक्य मिळवून देता येत नाही. रखमाबाईंचा खटला तुम्हाला माहीत आहे. लहानपणी लग्न झालेलं, नवरा दादाजी भिकाजी, ती त्याच्याकडे राहायला कधी गेलीच नव्हती. १८८४ साली त्यानं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की बायको माझ्या ताब्यात द्या. न्यायमूर्ती पिन्ही यांनी आधी तिच्या बाजूनं निकाल दिला. मग अपील झालं, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटलं, आणि ती पुढे डॉक्टर झाली. त्या दाव्याचं नाव लक्षात ठेवा : वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. हे कलम १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आजही आहे, कलम ९. कोर्ट फार तर घरी जा असा हुकूम काढू शकतं. त्यापुढचं कोर्टाच्या हातात नसतं, आणि कादंबरी नेमकी त्यापुढे सुरू होते.

आता टीकेचं काम सुरू करू. कारण अशा सगळ्या कथा सारख्या नाहीत. काही उत्तम आहेत आणि बऱ्याच फसव्या आहेत, आणि त्यांतला फरक ओळखायची एक जुनी खूण मला सापडली आहे. ती सांगायला थोडं मागं जावं लागेल.

शाकुंतल घ्या. दुष्यंत शकुंतलेशी गांधर्व विवाह करतो, निघून जातो, ती गरोदर अवस्थेत दरबारात येते, तो ओळखत नाही. का ओळखत नाही? दुर्वासांचा शाप. अंगठी हरवली. पुढे मासा सापडतो, अंगठी सापडते, आठवण येते, राजा रडतो, शेवटी दोघं भेटतात. आपल्या परंपरेतली ही सगळ्यांत गाजलेली दुसरी संधी. पण महाभारतात, आदिपर्वात, ही गोष्ट कशी आहे? तिथं शाप नाही. अंगठीही नाही. दुष्यंताला सगळं आठवतंय. तो भर दरबारात जाणूनबुजून खोटं बोलतो, आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो, आणि वर म्हणतो की लोकांनी संशय घेऊ नये म्हणून असं केलं. कालिदासानं शाप आणला आणि नायकाला सोडवलं. नाटक सुंदर झालं, यात वाद नाही. पण त्या शापानं एक गोष्ट हिरावून घेतली. दुष्यंताला आता माफी मागायची गरजच उरली नाही. त्यानं काही केलंच नाही ना, शापानं केलं.

आता तुमच्या मोबाइलवरच्या कथा आठवा. पत्र पोचलंच नाही. जावेनं फोटो दाखवून गैरसमज करून दिला. फोन दुसऱ्यानंच उचलला. अपघात झाला, स्मृती गेली. हे सगळे दुर्वासच आहेत. फक्त दाढी नाही. (हशा) अशा कथेत दहा वर्षांनी खुलासा होतो, दोघं रडतात, आणि वाचकालाही रडू येतं, मी नाकारत नाही. पण पुस्तक मिटल्यावर हाताला काही लागत नाही. कारण आपल्या आयुष्यात पत्रं बहुतेक वेळा पोचलेली असतात. वाचलेली असतात. वाचूनही उत्तर दिलेलं नसतं.

दुसरी वाट भवभूतीची. भवभूती आपला शेजारी, विदर्भातल्या पद्मपुरचा. त्याचं 'उत्तररामचरित'. यात शाप नाही. दुर्मुख येऊन सांगतो, लोक असं असं बोलतात, आणि राम पूर्ण शुद्धीत, गरोदर सीतेला सोडतो. काय करतोय हे त्याला ठाऊक आहे. मग बारा वर्षं जातात. तिसरा अंक. राम पंचवटीत येतो, जनस्थानात, गोदावरीच्या काठी. म्हणजे आपल्या अंबड-घनसावंगीच्या कडेनं जी गोदावरी जाते, तीच, वर नाशिककडे. सीताही तिथं आहे, पण गंगेच्या वरामुळं ती कुणाला दिसत नाही. फक्त तमसा नदी तिच्या सोबत आहे.

आणि मग जे होतं ते मला आजही जगातल्या कुठल्याही प्रेमकथेपेक्षा मोठं वाटतं. राम ती ओळखीची झाडं, तिनं वाढवलेला हत्ती, मोर बघतो आणि कोसळतो. तो बोलतो ते तिच्याशी नाही, कारण ती इथं आहे हे त्याला माहीतच नाही. तिचं मन जिंकण्यासाठी तो एक शब्द बोलत नाही. वासंती, वनदेवता, त्याला धारेवर धरते, का टाकलंस तिला, आणि त्याच्याकडे धड उत्तर नसतं. हे सगळं सीता शेजारी उभी राहून ऐकते. अश्वमेधासाठी त्यानं दुसरी बायको केली नाही, सीतेचीच सोन्याची मूर्ती शेजारी बसवली, हे तिला तिथं कळतं, आणि टाकून दिल्याच्या लाजेचं शल्य निघाल्याचं ती सांगते. लाजेचं, बरं का. दुःख वेगळं. परित्याग झालेल्या बाईला दुःखापेक्षाही जास्त काय टोचतं, हे त्या कवीला बाराशे वर्षांपूर्वी कळलं होतं. 'परित्यक्ता' हा शब्द आपण आजही सरकारी फॉर्मवर लिहितो. त्या फॉर्मवर त्या काट्यासाठी रकाना नाही.

सातव्या अंकात पुनर्मीलन होतं. रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते, भवभूती तिला परत आणतो. पण माझ्या मते नाटक तिसऱ्या अंकातच जिंकलेलं असतं. सातवा अंक लोकांसाठी, तिसरा सीतेसाठी.

तर ही खूण. परत येण्याआधी, ज्यानं दुखावलं त्याचं मन दुसऱ्याला उघडं दिसलं का? आणि ते दिसलं तेव्हा तो काही मिळवण्यासाठी बोलत होता का? इंग्रजीत या प्रकारच्या कादंबरीची आई म्हणजे जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन'. १८१७ च्या डिसेंबरात आली, लेखिका जुलैमध्ये वारली होती. अॅन एलियट सत्तावीस वर्षांची आहे, त्या काळच्या हिशेबानं वय उलटलेली. आठ वर्षांपूर्वी तिनं वेंटवर्थला नकार दिला. कुणाच्या सांगण्यावरून? लेडी रसेलच्या. म्हणजे आपल्याच मावशीच्या. तिथंही मध्यस्थ आलाच. आणि जुळतं कसं? अॅन दुसऱ्याच एका माणसाशी बोलतेय, कोण जास्त काळ प्रेम करतं, बाई की पुरुष, आणि वेंटवर्थ त्याच खोलीत पत्र लिहीत बसलाय, ऐकतोय. ती त्याला उद्देशून बोलत नाही, तरी त्याला सगळं कळतं, आणि तो कागद ओढून तिला पत्र लिहितो. भवभूतीनं सीतेला अदृश्य केलं, ऑस्टिननं वेंटवर्थला पाठमोरं बसवलं. दोघांची कधी गाठ पडायचा प्रश्नच नाही, पण युक्ती एकच.

याच्या उलट एक फार मोठं नाव घेतो, रागावू नका. मार्केसची 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा'. फ्लोरेंटिनो पन्नासहून जास्त वर्षं फर्मिनाची वाट बघतो आणि तिचा नवरा गेला त्याच दिवशी येऊन पुन्हा प्रेमाची कबुली देतो. लोक याला अमर प्रेम म्हणतात. मला तो माणूस मोठा झालेला वाटतच नाही. वाट बघणं म्हणजे परिपक्वता नव्हे. कादंबरी थोर आहे, नायक नाही. आणि कदाचित मार्केसलाही हेच दाखवायचं असेल.

आता मराठीकडे येऊ, आणि इथं मी थोडा वेळ घेणार आहे. मराठीतली सगळ्यांत मोठी 'सेकंड चान्स' गोष्ट कादंबरी नाहीच. ती खरी घडलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

तुमच्यातल्या पुष्कळांनी शाळेत एखादा उतारा वाचला असेल, वडिलांच्या सोवळ्याचा वगैरे, आणि हसून सोडून दिलं असेल. ते पुस्तक पुन्हा काढा आणि एका जोडप्याची गोष्ट म्हणून वाचा. १८८० च्या सुमारास लग्न. ती जलालपूरची, नाशिकजवळची, पुन्हा गोदाकाठच. नारायण वामन टिळक हुशार, कवी, तापट, आणि घरात न टिकणारा माणूस. कधी उठून कुठं निघून जातील नेम नाही. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पदरात चारेक वर्षांचा दत्तू.

त्या काळी याचा अर्थ काय, हे आपल्या जालन्याला वेगळं सांगायला नको. टिळकांच्या कितीतरी आधी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं होतं. ख्रिस्ती झालेला ब्राह्मण म्हणजे घरच्यांच्या लेखी मेलेला. बायको जिवंतपणी विधवा, आणि तरी कुंकू लावायचं. कायदाही काय होता बघा. १८६६ सालीच सरकारनं कायदा केला होता, की धर्मांतरानंतर जोडीदार सोबत राहायला तयार नसेल तर कोर्टाच्या मार्गानं जुनं लग्न मोडून घेता येईल, दुसरं करता येईल. टिळक त्या वाटेनं गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले. लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीकडे, नातेवाइकांकडे दिवस काढत राहिल्या. तिथंच त्या कविता करायला लागल्या. शाळेत कधी न गेलेली बाई.

इथं शाप आहे का? नाही. गैरसमज आहे का? नाही. त्यानं केलं, समजून केलं, आणि आपलं बरोबरच आहे असं त्याला वाटत होतं. ही तर आणखी अवघड जागा आहे. चुकलेल्या माणसाला माफ करता येतं. जो स्वतःच्या जागी खरा आहे आणि तरी ज्यानं तुमचं घर मोडलं, त्याचं काय करायचं?

वर्षं गेली. आणि मग त्या नगरला त्यांच्याजवळ गेल्या. पण कशा गेल्या? आपलं सोवळं घेऊन गेल्या. त्यांचं सगळं वेगळं. आता इथं आपल्या सगळ्या प्रेमकथा थांबतात. नायिका परत आली, पडदा पडला. 'स्मृतिचित्रे'मध्ये इथून खरी गोष्ट चालू होते. एका घरात दोन माणसं, दोन धर्म, आणि पाण्याच्या घागरीला कुणी हात लावायचा हा रोजचा प्रश्न. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि त्यांच्या बायकोनं एकेक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं सोडली. जात देवानं केली की माणसानं, हा विचार तिचा तिनं केला, आणि कुणाच्याही हातचं खाईन असं तिनं ठरवलं, तेव्हा ते तिचं होतं. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागं फरफटत गेलेली बाई असं कुणी म्हणेल, पण पुस्तक वाचून म्हणून दाखवावं.

त्यांचं मोठेपण मला आणखी एका ठिकाणी दिसतं. टिळक १९१९ मध्ये गेले. पुस्तकाचे भाग आले १९३४ पासून पुढे, १९३६ पर्यंत. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहितेय तो माणूस नाही, तो आता काही म्हणू शकत नाही. या वेळी माणूस काय करतो? एक तर देव करतो, फोटोला हार घालतो, किंवा हिशेब चुकते करतो. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. त्या हसतात. टिळकांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, घरात दाणा नसताना कुणाला तरी सगळं देऊन येणं, सगळं सांगतात आणि हसवतात. स्वतःलाही सोडत नाहीत. ते हसणं जखम झाकणारं नाही. जखम भरल्यावर तिच्याकडे बघून येतं तसलं ते हसणं आहे. आजच्या कादंबऱ्यांत परिपक्व जोडपं म्हणजे हळू आवाजात, समुपदेशकासारखं बोलणारं जोडपं असतं. "मला तुझ्या भावनांचा आदर आहे" वगैरे. अहो, असं कुणी बोलतं का? (हशा) टिळक पती-पत्नी भांडायचे. कडाक्याचं भांडायचे. परत आल्यावरही भांडायचे. फक्त त्या भांडणात आता निघून जाण्याची धमकी उरली नव्हती.

यानंतरच्या मराठी कादंबरीनं ही वाट फारशी घेतली नाही, आणि तिची कारणं मला मान्य आहेत. गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांची 'नातिचरामि', आपल्या नांदेडच्या कविता महाजन यांची 'ब्र', या लेखनात बाई नात्याच्या बाहेर पडून श्वास घेते. आधी दार उघडायचं होतं. परत येण्याची गोष्ट त्या वेळी सांगितली असती तर ती दार बंद करणाऱ्यांच्याच कामी आली असती. पण त्यामुळं एक झालं. परत येण्याचा विषय गंभीर लेखकांनी सोडला आणि तो मालिकांकडे आणि मोबाइलकडे गेला. तिथं दुर्वासांनी त्याचा ताबा घेतला.

आता नकाराची एक गोष्ट, कारण दुसरी संधी म्हटलं की ती घेतलीच पाहिजे असं नाही. सुधा मूर्तींची 'महाश्वेता', मूळ कन्नड, मराठीत उमा कुलकर्णींनी आणली. आपल्या वाचनालयांत या पुस्तकाच्या पाठी किती वेळा शिवल्या असतील देव जाणे. अनुपमाच्या अंगावर पांढरा डाग दिसतो, सासर तिला माहेरी धाडतं, परदेशातला डॉक्टर नवरा तिच्या पत्रांना उत्तर देत नाही. बघा, पत्रं पोचली होती. ती मुंबईला येते, संस्कृत शिकवते, पायावर उभी राहते. वर्षांनी आनंद तिला शोधत येतो, माफी मागतो, चल म्हणतो. आणि ती नाही म्हणते. साहित्यिक दृष्ट्या हे पुस्तक फार वरचं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या नकाराच्या पानावर वाचक बायांना जे समाधान मिळतं, ते पुनर्मीलनाच्या पानाइतकंच असतं. हे कसं? माझ्या मते, कारण दोन्ही ठिकाणी त्याला येऊन समोर उभं राहावं लागलं, आणि दोन्ही ठिकाणी उत्तर तिनं दिलं. वाचकाला जे पाहिजे होतं ते तिथंच मिळालं. त्यानंतर ती हो म्हणाली की नाही, ती ज्या त्या पुस्तकाची गोष्ट. गुलजारांचा 'इजाजत' आठवा, १९८७ चा, सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरचा. रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये रात्रभर बोलतात, सकाळी ती आपल्या दुसऱ्या नवऱ्याबरोबर जाते. तरी आपण रिकाम्या हातानं उठत नाही.

आता मला जे टोचतं ते सांगतो. हा प्रकार धोक्याचा आहे. आपल्याकडे, या मराठवाड्यात, टाकलेल्या बायकांची संख्या तुम्ही आपल्या गल्लीत मोजा, मला आकडा सांगायची गरज नाही. निशा शिवूरकर यांचं 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' वाचा. अशा बाईला 'एक संधी दे त्याला' हे कोण सांगतं? सगळे सांगतात. माहेरच्यांना खायला घालायचं नसतं म्हणून सांगतात. धाकट्या बहिणीचं लग्न अडतं म्हणून सांगतात. ज्यानं हात उचलला तो आता सुधारलाय असंही सांगतात, आणि तो सुधारलाय की नाही हे बघायला त्यांच्यातलं कुणी तिच्यासोबत जाऊन राहणार नसतं. मोबाइलवरच्या कथांमध्येही मारणारा नवरा येतो, दोन भागांत रडतो, तिसऱ्या भागात चांगला होतो. ती कथा लिहिणारी बहुतेक वेळा बाईच असते, हे आणखी दुखतं. माझी कसोटी इथं सरळ आहे. त्या पुस्तकात तिला नाही म्हणता आलं असतं का? तिच्याजवळ छप्पर होतं का, पगार होता का? नसेल, तर ती प्रेमकथा नाही. ते पुन्हा नांदवणंच आहे, वर गुलाबी मुखपृष्ठ.

आणि शेवटचं, जे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही. आपल्या अंबड, घनसावंगी, मंठ्याकडून ऊसतोडीला गाड्या जातात. तिथं हिशेब कसा होतो तुम्हाला माहीत आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीवर. आता त्या जोडीतली बाई दिवाळीच्या आधी भांडून माहेरी गेली, तर फक्त संसार मोडत नाही, कोयता मोडतो. उचल अंगावर येते. मग जो समेट होतो तो किती घाईनं होतो, आणि त्यात कोण कोण बसलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या दोघांना वेटिंग रूममधली रात्र मिळत नाही. चहाचं टेबल मिळत नाही. ते बोलणार कुठं? उसाच्या फडात, पहाटे, मोळ्या बांधताना? कदाचित तिथंच बोलत असतील. कदाचित एखादा नवरा अंधारात, तोंड दुसरीकडे करून, ते वाक्य म्हणतही असेल. त्या भागातला कुणी लिहिणारा पोरगा किंवा पोरगी इथं बसली असेल, तर हे लिहा. पाचटावर झोपणाऱ्या माणसांना परिपक्व मन नसतं, असा आपल्या कादंबरीचा काहीतरी समज झालेला दिसतो.

वेळ झाली. त्या फोनवाल्या ताई पुढच्या रांगेत आहेत, त्यांनी मघाशी हळूच विचारलं की सुरुवात कुठून करू. 'स्मृतिचित्रे' घ्या. मात्र बघून घ्या, त्याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, ती नको. पूर्ण घ्या. आणि परत आल्यानंतरची पानं सावकाश वाचा.

आता प्रश्न घेऊ या. माइक मागं द्या जरा.